वेसकराचं सोंग

माझ्या पीएच.डी.चा विषय कुणी विचारला की मी आधी पाणी प्यायचे. मराठवाड्यातली सतराव्या-अठराव्या शतकातली ललितं, त्यांतलं नाट्य, धर्म आणि वार्ताप्रसार. एवढं लांबलचक शेपूट लावल्याशिवाय विद्यापीठात विषय मंजूर होत नव्हता, आणि मी ते संपवेपर्यंत समोरच्याचं लक्ष खिडकीबाहेर गेलेलं असायचं. कळमनुरीच्या एसटीत शेजारच्या बाईनं एकदा सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग ह्याचं पुढं काय करतेत?"  मला नुसता राग आला, आणि तो तिच्यावर काढणं बरं दिसलं नसतं.

ललित म्हणजे लळीत, देवाच्या उत्सवाच्या शेवटी गावानं मिळून केलेला सोंगांचा खेळ. गणपती येतो, सरस्वती येते, मग चोपदार, जोशी, गोंधळी, वासुदेव अशी एकेक सोंगं येतात, आपापलं बोलून जातात. शेवटी सगळे देवाकडं प्रसाद मागतात आणि उत्सव संपतो. आखाडा बाळापूरच्या अलीकडं आमचं गाव आहे, तिथं हे ललित अजून होतं. म्हणजे मी अभ्यास करत होते तेव्हा होत होतं. बाकी गावांतून ते कधीच उठलं होतं. कुठं त्याच्या जागी व्हिडिओ आला होता, कुठं ऑर्केस्ट्रा. त्यामुळं आमचं गाव म्हणजे माझ्यासाठी घबाडच होतं, असं मला वाटलं होतं. काय सांगावं, माणूस किती भोळा असतो!

आमच्या गावची रीत अशी की प्रत्येक सोंग एकेका घराचं. बापाकडून पोराकडं जायचं. शब्द कुठं लिहिलेले नाहीत, आणि एका घराचे शब्द दुसऱ्या घरानं म्हणायचे नाहीत. जोशाच्या सोंगाचं घर कुणब्याचं, पण त्या घरातला माणूस आजारी पडला तर खऱ्या जोशालासुद्धा ते सोंग घेता यायचं नाही. सोंग त्या वर्षी राहूनच जायचं. मृदंगवाला थोडा वेळ वाजवायचा, मंडळी गप्प बसायची आणि मग पुढचं सोंग यायचं.

वेसकराच्या सोंगाची जागा अशी कित्येक वर्षं रिकामी होती. वेसकर म्हणजे गावाच्या वेशीवरचा राखणदार. ललितात तो सगळ्यांत शेवटी यायचा आणि देवाला वेशीबाहेरच्या खबरा सांगायचा. कोण सरदार येऊन गेला, कुणाचं खळं लुटलं, वसुलीवाल्यानं काय केलं, कोणत्या गावात पाणी आटलं. छापखाना नव्हता, तेव्हा गावाला जगाची बातमी ज्या तोंडातून मिळायची ते हे तोंड. माझ्या प्रबंधाचा सगळा डोलारा याच एका सोंगावर उभा होता. बाकीची सोंगं थोड्याफार फरकानं दुसरीकडं मिळतात, पण गावातली म्हातारी माणसं सांगत तसा वेसकर दुसरीकडं असल्याचं मी ऐकलं नव्हतं.

आणि ते सोंग आमच्या घरचं होतं. आजोबा करायचे, त्यांच्यानंतर माझ्या वडिलांनी केलं. पुढं आमच्या वस्तीनं बुद्धाचा धम्म घेतला, बाबांनी देवळाच्या पायरीशी जाणं सोडलं आणि सोंगही सोडलं. मग एसटीत कंडक्टर म्हणून लागले आणि निवृत्त होईपर्यंत ताठ उभं राहून तिकिटं फाडली. ते शब्द येणारा माणूस जगात एकच उरला होता आणि तो मी घरी गेले की आधी विचारायचा, जेवलीस का.

मी तेव्हा कळमनुरीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. संस्थेनं साफ सांगितलं होतं की पीएच.डी. झाली तर कायम करू, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. हे मी घरी सांगितलं नव्हतं. बाबा डेपोत, चहाच्या टपरीवर, बाजारात, जिथं तिथं सांगत फिरायचे की माझी पोरगी प्रोफेसर झाली, पर्मनंट. त्यांच्या तोंडातला तो शब्द काढून घ्यायचं माझ्या जिवावर यायचं. म्हटलं, काम होईल, कायम होऊ, त्यांना कशाला कळायला पाहिजे?

काम कसलं होतंय! माझे मार्गदर्शक फार विद्वान, निदान तसं ते स्वतः म्हणायचे. त्यांच्याकडं जायचं म्हणजे पहाटेची बस, मग दुसरी बस, मग त्यांच्या केबिनबाहेरचं बाकडं. सर येतीलच, सर मीटिंगमध्ये आहेत, सर गेले. एखाद्या वेळी भेटले की आधी विचारायचे, हळद आणली का. वसमतची हळद त्यांच्या सासूला फार आवडायची. मी त्या सासूसाठी किती हळद वाहिली असेल त्याचा हिशेब नको. पिशवीतून ती माझ्या टिपणांवर सांडायची, आणि सर पिवळे झालेले कागद दोन बोटांनी उचलून म्हणायचे की शिस्त हवी, मॅडम. अंगाचा तिळपापड व्हायचा. तोंडानं मात्र "हो सर."

गावात त्याहून तऱ्हा. सूत्रधाराचं सोंग गावच्या मालकांच्या घरचं. तिथले म्हातारे आबा बोलायला गोड होते. त्यांनी मला ओसरीवर बसवलं, आमच्या गावची लेक म्हणून कौतुक केलं, आणि चहा दिला तो कोनाड्यातल्या वेगळ्या काचेच्या ग्लासात. घरच्यांना कपबशीत. मी एम.ए.ला पहिली आले होते, आणि तो ग्लास मीच धुवून ठेवावा अशी तिथं अपेक्षा होती. मी चहा प्यायले. ग्लास धुतला नाही, तसाच ठेवून आले. पुढच्या खेपेला चहाच आला नाही, पण सोंग मिळालं. आबांनी सूत्रधाराचं सगळं बोलणं टेपवर दिलं आणि वर मला ऐकवलं, "तुह्या बापापायी आमचा देव अर्ध्या खबरीवर झोपतो, बाई. त्याला म्हणावं, ये. आमी बोलावतो."

 मला आबांचाही राग आला आणि बाबांचाही. कारण त्या वेळी दोघांपैकी मला आबांचंच बोलणं सोयीचं होतं, आणि ते सोयीचं आहे याचाच जास्त राग आला.

एकेक करून सगळ्या घरांनी आपापलं दिलं. कुणी पुढच्या साली या म्हणालं, कुणी टेप बघून घाबरलं, चोपदाराच्या घरी तर सुनेनं दारच उघडलं नाही, मग तिच्या माहेरच्या ओळखीनं उघडवलं. माझा जीव मेटाकुटीला आला, पण कॅसेटी भरल्या. राहिला फक्त वेसकर.

बाबांना मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते पेपर वाचत होते. झालं ते झालं, एवढंच म्हणाले आणि पान उलटलं. नंतर मी वाद घालायला लागले. मी त्यांना सांगितलं की हे दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं वाङ्मय आहे, ते तुमच्याबरोबर गेलं तर कायमचं गेलं. ते म्हणाले, "जुनं हाय म्हून चांगलं असतंय व्हय? खरूजबी जुनीच हाय." आई चुलीपुढं तोंडाला पदर लावून हसत होती. मला काही हसू आलं नाही.

मी म्हटलं की हे आपल्याच माणसांनी रचलेलं आहे, त्यात आपलं डोकं आहे, सरदाराला आणि वसुलीवाल्याला चिमटे काढलेले आहेत. ते नाही म्हणाले नाहीत. चिमटे होते, म्हणाले, लोक हसायचे. पुढं विचारलं की उठून जायचे. जेवताना विचारलं, रानात जाताना विचारलं, दवाखान्याच्या रांगेत विचारलं. शेवटी ते कावले. काहून माघं लागून राहिली, म्हणाले, तुला दुसरा विषय भेटत न्हाई का? मग मीही भडकले. तुम्हाला माझ्या शिक्षणाचं नुसतं मिरवायला पाहिजे, मदत करायला नको, असं बोलून गेले आणि दोन महिने गावाकडं फिरकले नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती भाकरी आणि ठेचा पाठवत राहिली. ते मी रागातच खात होते.

तिकडं सरांना घाई झाली. त्यांना निवृत्तीच्या आधी काही प्रबंध हातावेगळे करायचे होते. प्रबंधात मी "एक वृद्ध माहितगार" असं लिहिलं होतं. तो माझा बाप आहे हे सरांना माहीत नव्हतं. वेसकराचं प्रकरण कोरं बघून ते वैतागले. माहितगार जिवंत आहे, जवळच राहतो, मग अडचण काय आहे मॅडम? दोन दिवस जाऊन बसा, चहा-बिडी द्या, माणसं बोलतात. आणि नसेल बोलत तर दुसऱ्या गावचं एखादं घ्या, चार शब्द फिरवा, कोण बघायला येणार आहे? ज्या माणसानं मला एका तळटीपेवरून तासभर झापलं होतं, तो माणूस हे बोलला. मी हातच टेकले. त्यांनी महिन्याची मुदत दिली. त्यानंतर सही मिळणार नाही, म्हणाले.

मी टेप घेऊन गावी गेले. उन्हाळ्याची सुट्टी होती, दुपारची वेळ होती, आई शेजारी पापड लाटायला गेली होती. बाबा बाजेवर पडले होते. मी भांडले नाही. त्यांच्याजवळ बसून म्हटलं की आता शेवटचं विचारते, नंतर कधी विचारणार नाही.  ते उठले, रांजणापाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं, धोतर सारखं केलं आणि म्हणाले, "लाव तुझी मशीन."

 इतकी वर्षं मागितलेलं असं हातात येईल असं वाटलं नव्हतं. मी कॅसेट उलटसुलट बघून घातली, बटण दाबलं. बाबा खुर्चीवर बसले.  घसा खाकरला.  मग उभे राहिले, एसटीत उभे राहायचे तसेच, ताठ, एक हात वरच्या दांडीला धरल्यासारखा. ओठ हलले. शब्द नाही आला. फीत फिरत होती आणि बाहेर कुणाचं तरी वासरू हंबरत होतं, ते मात्र नीट रेकॉर्ड झालं.

मला वाटलं, मुद्दाम करताहेत. हो म्हटल्यासारखं करायचं आणि आठवत नाही म्हणून मोकळं व्हायचं. मी तसं बोलूनही दाखवलं. बाबा चिडले नाहीत. ते स्वतःच गोंधळले होते. म्हणाले की शब्द आहेत, आत हलतात, पण उभ्यानं वर येत नाहीत. वाकल्याबिगर येत नाहीत.

मग त्यांनी सांगितलं. वेसकराचं सोंग येतं ते वाकून. कंबरेच्या खाली डोकं, नजर भुईवर, काठी आडवी, आणि दर खबरीला आणखी थोडं खाली. वर बघायचं नाही. सगळी खबर सांगून होईस्तोवर कपाळ मंडळींच्या जोड्यांपाशी जातं आणि तिथूनच प्रसाद मागायचा. देवाकडं नव्हे, बसलेल्या मंडळींकडं. आजोबांनी त्यांना ते आमच्या कुडाच्या मागं शिकवलं होतं, लहानपणी. मागं उभं राहून मानेवर हात ठेवायचे आणि दाबायचे. मान खाली गेली की पुढचा शब्द आपसूक तोंडात यायचा. चुकला की आणखी दाबायचे. बाबांना शब्द असे कधी पाठ नव्हतेच, त्यांना ते वाकणं पाठ होतं.

"मी आता वाकणार न्हाई," ते म्हणाले. "पण तू शिकली तर येतील तुला. घरचंच रक्त हाय. वाकतेस?"

मी हो म्हटलं. खरं सांगते, क्षणभरही थांबले नाही. कित्येक वर्षांची धडपड, ती बाकडी, ती हळद, तो काचेचा ग्लास, आणि वाकायचंच तर आहे, त्यात काय एवढं? शिकायचीच पद्धत ती. मी पदर खोचला, टेप बाजेवर सरकवून ठेवला आणि वाकले. शेणानं सारवलेली भुई दिसत होती. मागून बाबांचा हात माझ्या मानेवर आला. गरम, खरखरीत हात. मी पहिल्या शब्दाची वाट बघत होते.

हात दाबत नव्हता. नुसता ठेवलेला होता. मी म्हटलं, दाबा बाबा. काहीच झालं नाही. कंबर भरून आली. मी परत म्हटलं, दाबा ना.

त्यांनी मला दंडाला धरून सरळ उभं केलं. "ऊठ माय," ते म्हणाले. "माझ्या बापानं दाबली तशी तुझी मान मला न्हाई दाबता येत."

आणि ते बाजेवर जाऊन भिंतीकडं तोंड करून पडले. मी टेप बंद केला. मला रडू आलं, ते मायेनं आलं असं लोकांना वाटेल, पण ते चिडीनं आलं होतं. इतकं जवळ येऊन! नोकरीचं अगदी जिभेवर आलं होतं. सांगावं की बाबा, मी पर्मनंट नाही, हे झालं नाही तर मला घरी बसवतील. त्यांची पाठ दिसत होती. ते शब्द मी गिळले आणि चहा टाकला.

सरांना मी जाऊन सांगितलं की तो माहितगार माझा बाप आहे, सोंग आमच्या घरचं होतं आणि आमच्या घरानं ते सोडलं आहे. वेसकराच्या प्रकरणात मी तेवढंच लिहिलं, एक पान, का सोडलं ते आणि ते कसं शिकवलं जायचं ते. सर म्हणाले, हे संशोधन नाही, हे घरगुती प्रकरण आहे. सही दिली नाही. ते निवृत्त झाले, मग दुसरे मार्गदर्शक शोधा, परत नोंदणी, परत तीच बाकडी. तोवर परभणीतून फुटून आमचा हिंगोली जिल्हा झाला, गावात केबल आली, आबा गेले आणि एका साली ललित झालंच नाही. पदवी मिळाली तेव्हा मला आनंद झाला असेल, पण आठवत नाही. कॉलेजातली जागा त्याच्या आधीच भरली गेली होती. तिथं लागलेल्या मुलाचा प्रबंध मी चाळला होता. त्यात एक वेसकर होता, कुठल्यातरी छापील पुस्तकातून उचललेला, चार शब्द फिरवलेला.

बांधलेला प्रबंध घेऊन मी गावी गेले. बाबांनी चष्मा लावला, काळ्या पुठ्ठ्यावरचं माझं नाव दोनदा वाचलं आणि वेसकराचं पान कुठं आहे विचारलं. मी काढून दिलं. ओळीवर बोट ठेवून त्यांनी सगळं सावकाश वाचलं. बराबर हाय, म्हणाले. आई शेजारणींना पेढे वाटत होती. मग त्यांनी सहज विचारलं की आता पगार वाढंल का.

मी कंटाळले होते. खोटं बोलायचीही ताकद नव्हती. म्हटलं, पगार कुठला, नोकरीच गेली. मी पर्मनंट कधी नव्हतेच. प्रबंध वेळेत झाला असता तर झाले असते.

त्यांनी ते पान परत वाचलं. पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं, चष्मा काढला आणि पुसत बसले.

"मला काहून न्हाई सांगितलं माय?" ते म्हणाले. "वाकलो असतो की मी."